पुरात नेमकं काय झालं, हे दादाला विचारू का?

पत्र

ताई,

मी छत्तीस वर्षांचा, चाकणला कंपनीत आहे. गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. घरी आई, दादा, वहिनी आणि पुतण्या. मी दहावीत असताना आबा गेले, तेव्हापासून दादानंच सगळं ओढलं. माझा डिप्लोमा म्हशींच्या दुधावर झाला, हे मी कुठंही सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरलं. आई, वहिनी आणि पोरगं बोटीतून बाहेर आले. दादा जनावरांसाठी मागं राहिला. गोठ्यात सात म्हशी होत्या. दोन दिवसांनी त्याला बोटीनं काढलं, तोवर चार गेल्या होत्या. त्या दोन दिवसांत काय झालं हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी पुण्यात होतो, हायवे बंद होता. एकदा कराडपर्यंत आलो, तर पोलिसांनी परत पाठवलं. पाणी ओसरल्यावर घरी पोचलो तेव्हा दादा गोठ्यातला गाळ ओढत होता. "आलास?" एवढंच म्हणाला.

पुढं पंचनाम्याला तलाठी आले. दादानं सांगितलं, म्हशी पुराच्या आधीच विकल्या होत्या. सरकार दुभत्या जनावरामागं ३० हजार देत होतं. मी गल्लीत, चारचौघांसमोर त्याच्यावर ओरडलो, "हातचे पैसे घालवलेस, अक्कल आहे का तुला?" तो काही बोलला नाही. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं. मी फोन केला की वहिनीकडं देतो. उरलेल्या तीन म्हशी त्यानं महिन्याभरात विकून टाकल्या. आता आमच्या घरी पिशवीचं दूध येतं.

पावसाळ्यात तो झोपत नाही. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पाणी बघायला जातो. पिणं वाढलंय. पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, तेव्हा शेताकडं निघून जातो. यंदा जूनमध्ये पुतण्यानं कुत्रं साखळीनं खांबाला बांधलं, तर दादानं त्याच्या मुस्काटात दिली. पोरावर कधी हात न उचललेला माणूस!

मित्र म्हणतात, दिवाळीत त्याला घेऊन बस, दोन पेग पाज, सगळं बाहेर येईल. बायको म्हणते, वाटणी करून मोकळे व्हा. माझ्या मनात आहे की पाडव्याला एक चांगली म्हैस आणून गोठ्यात बांधावी. हायवे बंद होता यात माझी काय चूक? काय करू?

— धाकटा

ता.क. आई सारखी विचारते, तुम्हा दोघांत काय बिनसलंय. तिला काय सांगू?

उत्तर

धाकटे भाऊ,

दिवाळीची ती बैठक रद्द करा. पेगाचा बेत तर मुळीच नको. मित्र तुमच्या भल्याचंच सांगतायत, पण हा सल्ला कोल्हापुरातल्या कुठल्याही कट्ट्यावर फुकट मिळतो आणि त्यातून कुणाचं फारसं भलं झालेलं मी बघितलेलं नाही. पिऊन बोललेलं माणूस सकाळी नाकबूल करतो आणि ज्याच्यापुढं बोलला त्याचं तोंड टाळायला लागतो. शिवाय झोप लागावी म्हणून जो पितोय, त्याला आपल्याच हातानं ओतून द्यायचं?

बळंच बोलतं करण्याबद्दल डॉक्टर मंडळीही आता सावध झाली आहेत. एके काळी मोठ्या आपत्तीनंतर लोकांना लगेच बसवून 'काय काय झालं ते सगळं सांगा' असं करायची पद्धत होती. पुढं अभ्यासांत दिसलं की त्यानं नंतरचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही आता असं करू नका म्हणते. बोलल्यानं हलकं वाटतं हे खरं आहे, पण कधी, कुणापाशी आणि किती बोलायचं हे ज्याच्यावर गुदरलं त्यानं ठरवायचं.

आता तुमचं पत्र. दादानं तलाठ्याला म्हशी विकल्या म्हणून सांगितलं. पोरानं कुत्रं साखळीनं बांधलं म्हणून त्याला मारलं. पाडव्याला म्हशी मिरवतात तेव्हा तो गावात थांबत नाही. तुम्ही हे सुटं सुटं लिहिलंय. मला ते एकाच रात्रीतून आलेलं वाटतं.

पंचनाम्यात काय विचारतात? जनावरं किती, कुठं होती, कशी मेली. समोर तलाठी कागद घेऊन उभा आणि मागं अर्धी गल्ली. कदाचित काही दावी कापायची राहून गेली असतील. कदाचित तीन सोडवून चौथीपाशी पोचेस्तोवर पाणी छातीला लागलं असेल. कदाचित त्यानं सगळ्या सोडल्या आणि सोडल्यामुळंच चार वाहून गेल्या असतील. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण पैसे घ्यायचे तर ते सगळं चारचौघांत बोलावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा 'विकल्या' म्हणणं त्याला सोपं गेलं असावं.

ही माझी अटकळ आहे. ती दादाच्या तोंडावर नेऊन टाकू नका. बरोबर निघाली तरी ती गोष्ट त्याची आहे, त्यानं सांगायची. चुकीची निघाली तर त्याच्या माथ्यावर आणखी एक आरोप.

'म्हशीपायी एवढं?' असं ज्या शहरी वाचकांच्या मनात आलं असेल, त्यांना एवढंच सांगते. त्या ऑगस्टमध्ये चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत कित्येक घरांतल्या कर्त्या माणसांनी बोटीत बसायला नकार दिला तो जनावरांसाठीच. दर दहा दिवसांनी येणारं दूधबिल हा एक भाग झाला. दुसरा असा की त्या म्हशींना त्यानं नावानं हाक मारलेली असते, व्यायला अडली तेव्हा रात्रभर शेजारी बसून काढलेली असते. आणि तुमच्या घरात तर एका डिप्लोमाची फी त्यांनीच भरली होती. दादानं चार म्हशी गमावल्या याचा हिशेब तुम्ही ३० हजारांनी मांडलात. त्यानं तो कशानं मांडला असेल, याचा विचार करा.

झोपेचं बोलू. अशा प्रसंगातून गेलेल्या बहुतेकांना काही आठवडे त्रास होतो आणि मग तो आपोआप उतरतो. काहींचा उतरत नाही. नको असताना तेच डोळ्यांपुढं येत राहणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा-माणसं टाळणं, सदा कान टवकारलेले असणं, लहानशा गोष्टीवरून भडकणं, आणि मधूनच अगदी सुन्न होऊन बसणं. हे महिन्याहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. तुमच्या दादाचे सहा पावसाळे गेले. त्यातही २०२१ च्या जुलैत नदीनं पुन्हा गाठलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोन वर्षांनी त्याहूनही थोडं वर. त्यामुळं 'आता काय तसा पूर येणार नाही' असं त्याला कुणी सांगूच नये. एकदा आला होता की परत! दर पावसाळ्यात गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले हे फिरत असतं. आपण ते चहा पिता पिता वाचतो. दादाचं अंग मात्र तेवढ्यानंच २०१९ मध्ये जाऊन उभं राहत असणार. अशा माणसानं रात्री बॅटरी घेऊन नदीकडं जाणं मला विचित्र वाटत नाही. पाणी कुठवर आलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला पडवत नसेल.

आठवण देणारी माणसं टाळणं, असं मी वर लिहिलं. त्यात तुम्हीही आलात. पंचनाम्याचा तो दिवस तुमच्या आवाजासकट त्याच्या डोक्यात आहे. फोन वहिनीकडं देण्यात राग किती आणि टाळणं किती हे मला इथून सांगता येणार नाही. पण नुसता राग असता तर दोघा भावांचं इतक्या वर्षांत एकदा तरी दणकून भांडण झालं असतं.

आता जरा तुम्हालाच बोलते. पत्रात 'हायवे बंद होता' हे दोनदा आलंय. हायवे बंद होताच, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. तुम्हाला कुणी दोष दिल्याचं पत्रात कुठंच नाही, मग खुलासा कुणाला चाललाय? दादाच्या 'आलास?' मध्ये तुम्हाला टोमणा ऐकू आला असेल. दोन दिवस पाण्यात काढून वर गाळ ओढत असलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय येणार होतं? आणि पंचनाम्याच्या वेळी तुम्हाला फक्त पैशाचा राग आला होता, हे मला पटत नाही. उशिरा पोचलेल्या माणसाला त्या घरात हक्कानं बोलता येईल अशी एकच गोष्ट सापडली, ती त्या दिवशी तोंडातून निघाली.

एक विचारते. तुम्ही कराडपर्यंत येऊन परत गेलात, हे दादाला माहीत आहे का? मला तरी तसं वाटत नाही. म्हणजे या घरात न बोललेलं फक्त त्याच्याकडं नाही. तुमच्याकडंही आहे आणि ते बोलणं तुमच्या हातात आहे. त्याच्या दोन दिवसांचं विचारू नका. तुमच्या दिवसांचं सांगा.

कुठं आणि कसं, तेही सांगते. समोरासमोर खुर्च्या टाकून नको. उसात पाणी पाजायला तो निघाला की बरोबर जा, ट्रॉलीत खत भरू लागा, हातांना काम असू दे आणि डोळे दुसरीकडं. आपल्याकडचा गडी शाहू स्टेडियमवरच्या मॅचवर आणि खासबागेतल्या कुस्तीवर तासतास बोलेल. स्वतःवर आलं की तंबाखू मळायला लागतो. म्हणून थोडक्यात उरका. "दादा, पंचनाम्याच्या वक्ताला मी तुला चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं. मी तवा कराडपातूर आलतो, पुढं सोडलं न्हाईत. तुला कधी सांगितलंच न्हाई." बास. लगेच 'आता तू सांग' म्हणू नका. तो 'असू दे' म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, किंवा चिडेल. चिडला तरी खुलासा देत बसू नका. यंदा तोड कधी मिळणार ते विचारा आणि काम पुढं चालू द्या. त्या दिवशी काही घडलं नाही असं वाटेल. महिन्यानं परत जा, पुन्हा त्याच्याबरोबर राबा, आणि तो विषय स्वतःहून काढू नका.

नवी म्हैस आणून बांधायचं डोक्यातून काढा. हेतू चांगला आहे, कळतं मला. पण ज्या गोठ्याकडं तो बघत नाही, तिथं त्याला न विचारता दाव्याला बांधलेलं जनावर उभं करायचं आणि आपण चाकणला निघून यायचं? पुढच्या पावसात त्या म्हशीपाशी रात्रभर जागा कोण राहणार? त्याला कधी हवी वाटली तर तो म्हणेल. तेव्हा पैसे द्या आणि बाजाराला बरोबर जा.

म्हशीपेक्षा त्याला पावसाळ्यात माणूस हवा आहे, तोही पाणी यायच्या आधी. जुलै-ऑगस्टची रजा राखून ठेवा. पातळी ३९ च्या आसपास यायला लागली की रस्ता चालू आहे तोवर गावात या. आई-वहिनींना कुणाकडं न्यायचं, टेम्पो कुणाचा, कागदपत्रं कुठल्या पिशवीत, हे मे महिन्यातच दादाशी बोलून ठरवा. ही कामाची बोलणी आहेत, ती तुमच्यात अजून होतात असं तुम्हीच लिहिलंय. मग तिथूनच सुरुवात होऊ दे. २०१९ ला तो एकटा होता. पुढच्या वेळी नसेल, हे त्याला बोलून पटणार नाही. तुम्ही दारात दिसलात तरच पटेल.

वाटणीला माझा विरोध नाही. भाऊ वेगळे होऊनही एका ताटात जेवतात. पण आत्ता, या अबोल्यात आणि वकिलाच्या नोटिशीनं, ती करू नका. त्या नोटिशीत त्याला एकच गोष्ट वाचता येईल, की आधी म्हशी गेल्या आणि आता भाऊ. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे तोवर वर्ष-दोन वर्षांत हिस्सा कुठं पळून जात नाही. आबांच्या मागं आईचाही हिस्सा आहे, हेही घरी सांगून ठेवा.

पुतण्याला विसरू नका. ते पोरगंही त्याच बोटीतून बाहेर आलं, बापाला मागं ठेवून. मार कुत्र्यामुळं बसला असं त्याला वाटत असेल तर त्याचं काही चुकलेलं नाही हे कुणीतरी त्याला सांगायला हवं, आणि काका ते सांगू शकतो. वहिनींना मात्र हेर करू नका. झोप किती, पिणं किती, हात पुन्हा उचलला का, एवढं सरळ विचारा, आणि त्या स्वतः कशा आहेत तेही. सहा वर्षं त्या दादाशेजारी जाग्या आहेत. त्यांनी जोतिबाला नारळ बोलला असेल, अंगारा आणला असेल, तर त्यावरून वाद घालू नका. अंगारा असू दे, डॉक्टरही असू दे.

डॉक्टरांकडं न्यायचं तर झोपेपासून सुरुवात करा. 'तुझ्या मनाला काहीतरी झालंय' म्हटलं तर तो उठून जाईल. 'झोप नाही, डोकं जड असतं, दाखवून येऊ' हे खोटंही नाही आणि ऐकायला सोपं आहे. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरही शहरात आहेत. घरातून निघायचीच तयारी नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः लावून बघा, तुमच्याही उपयोगाचा आहे. या त्रासावर औषधं आहेत आणि त्या आठवणीशी हळूहळू, माणसाला झेपेल तेवढंच भिडण्याची उपचारपद्धतीही आहे. ते काम शिकलेल्या माणसाचं, तुमचं-माझं नव्हे. मेडिकलमधून कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका. दारूबरोबर त्या जिवावर बेततात, आणि डॉक्टरही या दुखण्याला त्या सहसा देत नाहीत.

एक गोष्ट अवघड आहे, तरी लिहिते. 'माझं काय राहिलंय आता', 'त्यांच्याबरोबरच गेलो असतो तर' असं काही त्याच्या तोंडून आलं, तर विषय बदलू नका. "दादा, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि उसाच्या तणनाशकाचे, कीटकनाशकाचे डबे आजच घरातून हलवून कुलपात ठेवा. त्याला कारण सांगायची गरज नाही, घरात पोर आहे एवढं पुरे.

आता आईचं. तिला 'काही नाही गं' म्हणू नका, सहा वर्षं तेच ऐकतेय ती. तुमच्या बाजूचं खरं सांगा, की पंचनाम्याच्या वेळी मी दादाला गल्लीत नको ते बोललो आणि अजून माफी मागितलेली नाही. दादाच्या बाजूचं काही सांगू नका, ते तुम्हाला माहीत नाही. ती म्हणेल, 'थांब, मीच बोलते त्याच्याशी.' तिला नको म्हणा. त्या दिवशी थोरल्याला मागं ठेवून बोटीत बसावं लागलेली ती बाई आहे. तिच्याशी बोलायचं असेल तर त्याबद्दल बोला, ती बोटीत कशी बसली, कुणी हात दिला, आणि पुढचे दोन दिवस तिनं कसे काढले. मला वाटतं, तेही तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

— ताई